स्वतः बसवायचा डक्टविरहित हीट पंप: एका आऊटडोअरवर चार खोल्या, की प्रत्येकीला वेगळे युनिट?

उंबरठा (धागाकर्ता):

न्यू जर्सीत आमचे १९५०च्या दशकातले केप कॉड पद्धतीचे घर आहे. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि दोन बेडरूम, वर उतरत्या छपराखाली आणखी दोन बेडरूम, असे साधारण १,६०० चौरस फूट. घरात डक्ट, म्हणजे थंड-गरम हवा खोल्यांत नेणारे मार्ग, नाहीत. तेलावर चालणाऱ्या बॉयलरचे गरम पाणी भिंतीलगतच्या बेसबोर्डांतून फिरते आणि उन्हाळ्यात खिडक्यांत एसी अडकवावे लागतात. ते दर मे महिन्यात बेसमेंटमधून वर चढवायचे आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा खाली न्यायचे, हे काम आता नकोसे झाले आहे.

गारवा आणि ऊब दोन्हींसाठी मिनी-स्प्लिट हीट पंप, म्हणजे उलटा चालून ऊबही देणारा स्प्लिट एसी, बसवावा असा विचार आहे. कॉन्ट्रॅक्टरांकडून चार खोल्यांसाठी जी कोटेशने आली, त्यांतले सर्वांत कमी १९ हजार डॉलरचे आहे. त्याउलट मिस्टरकूलसारख्या कंपन्यांचे, नळ्यांत गॅस आधीच भरलेले आणि घरमालकाने स्वतः बसवावे म्हणूनच विकले जाणारे चार खोल्यांचे संच जवळपास त्याच्या एक तृतीयांश किमतीत मिळतात. माझ्या मनात ताशी ४८,००० बीटीयूचे (बीटीयू हे उष्णतेचे एकक), म्हणजे भारतातल्या हिशोबाने चार टनांचे, एक आऊटडोअर आणि त्याला जोडलेली चार इनडोअर युनिटे असा संच आहे. हातात ड्रिल धरायची सवय आहे, पण वातानुकूलनाचे काम कधी केलेले नाही.

हा संच योग्य वाटतो का, आणि जानेवारीत घर उबदार ठेवायला तो पुरेल का, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया लिहावे.

चहाटळ:

अनुभवाचा पहिला सल्ला असा, की घरात कोणालाही "एका वीकांतात होऊन जाईल" असे सांगू नये. ते वाक्य पुढच्या अनेक सणावारांना पाहुण्यांसमोर उद्धृत केले जाते.

मोजपट्टी:

उंबरठा, युनिटाची निवड बाजूला ठेवून आधी एक विचारतो: ४८,००० हा आकडा आला कुठून? माझा तर्क असा, की चार खोल्या मोजल्या, प्रत्येकीला १२,०००चे एक इनडोअर धरले आणि बेरीज केली. बहुतेक विक्रेतेही हेच करतात. यात घराला किती उष्णता लागते हा प्रश्न कोणी विचारतच नाही. त्यासाठी इथल्या वातानुकूलन कॉन्ट्रॅक्टरांच्या संघटनेची 'मॅन्युअल जे' ही खोलीवार गणनेची पद्धत आहे, पण तुमच्याकडे तेलाची बिले असतील तर त्याहून सोपी आणि बऱ्याचदा अधिक खरी वाट उपलब्ध आहे, कारण बिलांत तुमच्या भिंती, खिडक्या आणि फटी सगळ्यांचा हिशोब आपोआप आलेला असतो.

वर्षभरात किती गॅलन तेल लागले आणि उन्हाळ्यात दरमहा किती लागते, हे दोन आकडे द्या. अशा जुन्या घरांत नळाचे गरम पाणीही बहुधा त्याच बॉयलरमधून येते, म्हणून उन्हाळ्यातला खप वजा करावा लागतो.

उंबरठा:

तत्पर उत्तराबद्दल आभार. वर्षाला साधारण ८४० गॅलन; उन्हाळ्यात महिन्याला २० गॅलनांच्या आसपास. नळाचे गरम पाणी बॉयलरमधूनच येते, हे तुम्ही बरोबर ओळखलेत.

मोजपट्टी:

मग बारा महिन्यांचे २४० गॅलन पाण्यासाठी गेले असे धरू, उरले ६००. एका गॅलनात सुमारे १,३८,५०० बीटीयू असतात आणि जुन्या बॉयलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर हिवाळाभरात घराला ६ कोटी ६५ लाख बीटीयू मिळाले. तुमच्या भागात ६५ अंश फॅरनहाइटच्या आधाराने वर्षाला सुमारे ४,८०० डिग्री-डे होतात, म्हणजे रोजचे सरासरी तापमान ६५च्या जितके अंश खाली असते त्यांची वर्षभराची बेरीज. भागाकार केला, की बाहेरचे तापमान एक अंशाने उतरले तर घराला ताशी सुमारे ५७७ बीटीयू जास्त लागतात असे निघते. तुमच्याकडे अभियंते आराखड्यासाठी १४ अंशांच्या आसपासचे तापमान धरतात, म्हणजे फरक ५१ अंशांचा. त्या कडाक्याच्या पहाटे तुमच्या संपूर्ण घराला ताशी सुमारे २९,५०० बीटीयू पुरतात.

आता याच गणिताची दुसरी बाजू पाहा, कारण खरी अडचण तिथे आहे. हिवाळ्यातले बहुतेक तास १४ अंशांचे नसतात, ४०-४५ अंशांचे असतात. ४५ अंशांना तुमच्या सबंध घराची गरज ताशी ११,५०० बीटीयूंच्या आसपास येते आणि वरच्या एका बेडरूमची जेमतेम हजार-दीड हजार. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आपला वेग कमी करून या गरजेशी जुळवून घेतो हे खरे, पण त्याला खालची मर्यादा असते, आणि या आकाराच्या अनेक बहुखोली आऊटडोअरांची किमान क्षमता १० ते १२ हजार बीटीयूंच्या खाली उतरत नाही. म्हणजे रात्री फक्त एका बेडरूमने ऊब मागितली, तर यंत्र तिला हवी त्याच्या कितीतरी पट उष्णता तयार करू लागते, काही मिनिटांत थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. या चालू-बंद खेळात कार्यक्षमताही जाते आणि यंत्राचे आयुष्यही. पेटीवर छापलेला एसईईआर२ (गारव्याची मोसमी कार्यक्षमता) किंवा एचएसपीएफ२चा (ऊबेची) आकडा प्रयोगशाळेतला असतो. तो तुमच्या घरी मिळेलच असे नाही.

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांतल्या 'नीप' या संस्थेची थंड हवामानातल्या हीट पंपांची यादी संकेतस्थळावर मोफत पाहता येते. तिच्यात प्रत्येक मॉडेलची ४७, १७ आणि ५ अंश फॅरनहाइटला किमान आणि कमाल क्षमता दिलेली असते. खरेदीपूर्वी तो तक्ता वाचा, आणि कमाल क्षमतेइतकेच लक्ष किमान क्षमतेच्या रकान्याकडे द्या.

रानजाई:

मोजपट्टी यांचे गणित मान्य करूनही थोडा वेगळा अनुभव नोंदवते. आम्ही उत्तर कॅरोलिनात राहतो आणि आमच्याकडे स्वतः बसवलेला चार खोल्यांचा संच समाधानकारक चालतो. आम्ही तो निवडला याचे कारण अगदी व्यावहारिक होते. घराच्या बाजूला जागा चिंचोळी आहे, शेजाऱ्यांच्या कुंपणालगत चार आऊटडोअर मांडणे शक्य नव्हते, आणि आमच्या वसाहतीच्या संघटनेने एकाच आऊटडोअरला मंजुरी दिली. शिवाय विजेच्या पॅनेलमध्ये एकच मोठा दुहेरी ब्रेकर बसवावा लागला; चार वेगळी युनिटे घेतली असती तर चार ब्रेकर लागले असते.

आमच्याकडे हिवाळा सौम्य असतो आणि दिवसभर तीन तरी खोल्या वापरात असतात, त्यामुळे यंत्राला पुरेसे काम मिळते. एका खोलीपुरते चालवायची वेळ क्वचित येते. बहुखोली संच म्हणजे सरसकट वाईट, असे चित्र उभे राहू नये म्हणून लिहिले.

साखरझोप:

रानजाई, तुमच्याकडे रात्री बंद असलेल्या खोलीतल्या युनिटामधून फुसफुस ऐकू येत नाही का? आमच्या बहुखोली संचात हीटिंग चालू असताना बंद युनिटांतूनही थोडा गरम गॅस फिरत राहतो, आणि त्या प्रवाहाचा आवाज डोक्याशी असलेल्या भिंतीवर रात्रभर जाणवतो. तक्रार केल्यावर हा दोष नसून यंत्राचा स्वभाव आहे असे उत्तर मिळाले. त्याच कारणाने पाहुण्यांची खोली कोणी वापरत नसतानाही उबदार राहते, म्हणजे ज्या खोलीची बचत होणार म्हणून चार वेगळे रिमोट घेतले, तीच खोली फुकट तापते.

रानजाई:

आवाज येतो, पण आमच्याकडे पंख्याच्या घरघरीत झोपायची सवय असल्याने त्रास होत नाही. खोली तापते हे मात्र खरे आहे.

हिमगौरी:

मॅसॅच्युसेट्समधून लिहिते. आणखी एक मर्यादा कोणी सांगितलेली दिसली नाही: घरगुती बहुखोली संचात सगळ्या खोल्या एका वेळी एकाच मोडमध्ये चालतात. एप्रिलमध्ये दुपारी वरच्या खोलीत गारवा हवा असतो आणि खाली उत्तरेकडच्या खोलीत ऊब. तेव्हा ज्याने आधी मागणी केली त्याचे चालते आणि दुसरे युनिट नुसते दिवा लुकलुकवत बसते. तसेच कडाक्याच्या थंडीत आऊटडोअरवर साचलेले बर्फ वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलटे चालते, तेव्हा चारही खोल्यांतली ऊब एकदमच थांबते. आणि ते एकुलते एक आऊटडोअर बंद पडले, तर सगळे घरच थंड.

चहाटळ:

एका घरात एकीला गार आणि दुसऱ्याला गरम हवे, हा प्रश्न आमच्याकडे यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तिथेही ज्याने आधी मागणी केली त्याचे चालते असे म्हणता येणार नाही.

तांबटआळी:

निवडीवर चर्चा झाली, मी बसवण्याबद्दल लिहितो. माझ्या आणि दोन मित्रांच्या घरी ही कामे केली आहेत.

आधी गॅस भरलेल्या नळ्यांचा मोठा फायदा असा, की फ्लेअर करणे (जोडणीसाठी नळीचे तोंड रुंदावणे), नायट्रोजनने दाब तपासणे आणि व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉन दाबापर्यंत निर्वात करणे या तिन्ही कामांतून सुटका होते. नेहमीच्या मिनी-स्प्लिटमध्ये गॅसच्या परिपथाला हात लावायचा तर स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८खालचे केंद्रीय पर्यावरण संस्थेचे प्रमाणपत्र लागते. इथे तो परिपथ कारखान्यातच बंद करून येतो. पण याच फायद्यातून एक अडचण निघते. नळी कापता येत नाही. ती १६, २५, ३५, ५० फूट अशा ठरावीक लांबीत येते आणि तुम्हाला एकोणीस फूट हवी असेल तर २५ फुटांची घेऊन उरलेली सहा फूट कुठेतरी वेटोळे करून ठेवावी लागते. वेटोळे आडवे ठेवावे, म्हणजे गॅसबरोबर फिरणारे कॉम्प्रेसरचे तेल खळग्यात अडकत नाही. एका आऊटडोअरवर चार खोल्या असल्या की घराच्या पाठीमागे अशी चार वेटोळी जमतात आणि सगळ्यांत लांबच्या खोलीची नळी अर्ध्या घराला वळसा घालून जाते. प्रत्येक खोलीच्या भिंतीबाहेरच तिचे स्वतःचे आऊटडोअर असेल तर हे सगळे टळते. स्वतः काम करणाऱ्याच्या दृष्टीने मला हा सर्वांत वजनदार मुद्दा वाटतो.

भिंतीतले भोक साधारण साडेतीन इंचांचे लागते, कारण जोडणीची पितळी तोंडे नेहमीच्या नळीपेक्षा जाड असतात. नेमके माप पुस्तिकेत पाहावे. आतून आधी लहान ड्रिलने अंदाज घ्यावा. स्टड, म्हणजे भिंतीतले उभे लाकडी खांब, १६ इंचांवर असतात, पण जुन्या घरात ते मोजून जागेवर सापडतीलच याची खात्री नाही, आणि विजेची तार कुठून गेली आहे हे बंद भिंतीतून दिसत नाही. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवायचे. ड्रेन पाईपचे पाणी गुरुत्वाकर्षणाने जाते, त्याला कोणताही पंप नसतो. उतार उलटा झाला तर पहिल्या दमट दिवशी पाणी ड्रायवॉलवर ओघळते. युनिट भिंतीवर अडकवल्यावर, खालचे प्लॅस्टिक बसवण्यापूर्वी, ट्रेमध्ये दोन पेले पाणी ओतून ते बाहेर येते की नाही हे डोळ्यांनी पाहावे.

तांब्याची नळी भिंतीतून बाहेर आल्या आल्या जिथे वळते, तिथे सगळ्यांत जास्त जपावे लागते. दोन्ही हातांनी, मोठ्या गोलाईत, हळूहळू वळवायची. एकदा मुरड पडली की ती सरळ होत नाही आणि ती नळी बदलण्यावाचून इलाज राहत नाही. जोडणीच्या आट्यांवर सोबत आलेले तेल लावावे, पहिले काही फेरे बोटांनीच फिरवावेत, आणि शेवटी टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळावे. आतली पडदी एकदा फुटली की जोडणी पुन्हा सोडायची नाही, कारण गॅस बाहेर जाईल. नंतर साबणाच्या पाण्याने बुडबुडे तपासावेत आणि ते काम घाईत उरकू नये.

आजोळ:

पुण्यातून वाचते आहे. आमच्याकडे दुकानातला माणूस दुपारी येतो, भोक पाडतो, नळी जोडतो, थोडा गॅस सोडून आतली हवा बाहेर ढकलतो आणि चहा घेऊन निघून जातो. एसी उत्तम चालतो. तिकडे एवढा सोपस्कार कशासाठी?

तांबटआळी:

आजोळ, पहिल्या दिवशी तो चालतोच. पण गॅसने ढकलून हवा गेली तरी नळीच्या आतल्या भिंतीवरची ओल जात नाही, आणि आजच्या कॉम्प्रेसरमधले तेल ओल फार चटकन शोषते. त्यातून आम्ल तयार होऊन काही वर्षांनी कॉम्प्रेसरच्या मोटरमधल्या तारांच्या वेटोळ्यांवर परिणाम होतो, आणि तेव्हा दोष कंपनीचा समजला जातो. शिवाय अमेरिकेत असा गॅस मुद्दाम हवेत सोडणे कायद्याने मना आहे.

गॅसचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अमेरिकेत ७००पेक्षा जास्त तापमानवाढ क्षमतेचा गॅस असलेल्या नव्या घरगुती यंत्रांच्या निर्मितीवर आणि आयातीवर १ जानेवारी २०२५पासून बंदी आहे. जुन्या आर-४१०एचा आकडा २,०८८ होता. त्याच्या जागी ४६६चा आर-४५४बी आणि ६७५चा आर-३२ आले. हे दोन्ही सौम्य ज्वलनशील गटातले आहेत. भारतात आर-३२ घराघरांत रुळून दहा वर्षे झाली, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र दुकाने जुना आर-४१०एचा साठा स्वस्तात काढतात तेव्हा मोहात पडून इनडोअर एका पिढीचे आणि आऊटडोअर दुसऱ्या पिढीचे असे जुळवू नका. ते जुळत नाही, आणि पुढे सुटे भाग मिळणेही कठीण होते.

ओटा:

उंबरठा, खालच्या मजल्यावरचे युनिट स्वयंपाकघराच्या दारासमोर बसवू नका, एवढेच सांगायला लॉगइन केले. आमच्या फोडणीचा आणि तळणाचा धूर थेट त्याच्या तोंडात जात असे. जाळी दर पंधरवड्याला धुतली तरी आतल्या लांबट पंख्याच्या पात्यांवर तेलाचा चिकट थर बसतो, त्यावर धूळ, आणि उन्हाळ्यातल्या ओलाव्यामुळे त्यावर बुरशी. सुरुवातीला नुसता वास येतो, मग हवेचा झोत निम्म्यावर येतो. आता शेगडीवरचा एक्झॉस्ट बाहेर काढून घेतला आहे आणि युनिट बैठकीच्या पलीकडच्या भिंतीवर आहे. देवघर त्याच्या झोतात येत नाही ना, हेही आधीच पाहा, नाहीतर समई तेवत ठेवणे हे एक स्वतंत्र व्रत होऊन बसते.

वाटसरू:

केंद्र सरकारची करसवलत मिळते का? दोन हजार डॉलरपर्यंत वजावट होती असे वाचले होते.

हिमगौरी:

ती ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची सवलत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत बसवलेल्या यंत्रांपुरती होती. जुलै २०२५च्या कायद्याने ती संपवली. राज्यांच्या आणि वीज कंपन्यांच्या काही योजना अजून आहेत, पण बऱ्याच ठिकाणी अधिकृत यादीतल्या कॉन्ट्रॅक्टरनेच काम केलेले असावे लागते. आमच्या राज्यातल्या योजनेत तसेच आहे. म्हणून १९ हजारांच्या कोटेशनमधून मिळू शकणारे अनुदान वजा करा आणि मगच त्याची तुलना स्वतः बसवण्याच्या खर्चाशी करा. काही वेळा दरी वाटते तितकी रुंद नसते.

मोजपट्टी:

चालवण्याच्या खर्चाबद्दलही थोडे लिहितो. एक गॅलन तेल ८० टक्के कार्यक्षमतेने जळाले तर घराला साडेबत्तीस युनिट विजेइतकी उष्णता मिळते. हीट पंप सरासरीने एका युनिटमागे अडीच युनिट उष्णता देतो असे सावधपणे धरले तर त्याच कामाला १३ युनिट लागतात. २२ सेंट दराने २ डॉलर ८६ सेंट. कडाक्याच्या पहाटे गुणोत्तर दोनवर आले तर साडेतीन डॉलरच्या थोडे वर. म्हणजे तेलाचा भाव साडेतीनच्या पुढे असेल तर हीट पंप बहुतेक हिवाळाभर स्वस्त, आणि अगदी थंडीत बरोबरीचा. जून २०२५मध्ये न्यू जर्सीतली विजेची बिले १७ ते २० टक्क्यांनी वाढली, तेव्हा स्वतःच्या बिलावरचा दर घालून हे गणित पुन्हा करा. ज्यांच्याकडे नैसर्गिक गॅसची जोडणी आहे त्यांनी केवळ हीटिंगच्या बचतीसाठी हा खटाटोप करावा असे मला वाटत नाही. त्यांच्यासाठी उन्हाळ्यातला गारवा हेच कारण पुरेसे असले पाहिजे.

हिमगौरी:

आणि बॉयलर काढून टाकण्याची घाई नको. उंबरठा यांच्याकडे नळाचे गरम पाणीही त्यातूनच येते. दुसरे म्हणजे, हीट पंपाने खोली उबदार राहिली की बॉयलर चालतच नाही, आणि बेसबोर्डचे पाणी बाहेरच्या भिंतीलगत नुसते उभे राहते. केप घरांत वरच्या उतरत्या छपरामागच्या पोकळीतून या नळ्या गेलेल्या असतात. शून्य अंश फॅरनहाइटच्या आसपासच्या रात्री त्या गोठून फुटल्याची उदाहरणे आमच्या गल्लीत आहेत. फार थंडी असेल तेव्हा दिवसातून काही वेळ बॉयलर मुद्दाम फिरवत राहा.

उंबरठा:

सर्वांचे उत्तर शांतपणे वाचले आणि घराचा आराखडा पुन्हा पुढ्यात घेतला. वरच्या दोन्ही बेडरूम घराच्या दोन टोकांना आहेत आणि प्रत्येकीला बाहेरची त्रिकोणी माथ्याची भिंत आहे. तिथे ९,०००चे एकेक स्वतंत्र युनिट बसवले तर नळी सरळ खाली उतरते आणि आऊटडोअर जमिनीवर ठेवता येते. खाली बैठकीच्या खोलीत १८,०००चे एक. खालच्या दोन बेडरूम बेसबोर्डवरच राहतील. उन्हाळ्यात दारे उघडी ठेवून बैठकीतला गारवा तिथे कितपत जातो ते पाहू. बेरीज ३६,०००ची होते. मोजपट्टी, यात काही खटकते का?

मोजपट्टी:

आराखडा चांगला आहे. ९,०००चे युनिटसुद्धा त्या बेडरूमला मोठेच आहे, पण बाजारात त्याहून लहान म्हणजे ६,०००चे, आणि तेही सगळ्या कंपन्यांकडे नाही. एका आऊटडोअरला एकच इनडोअर अशा युनिटाची किमान क्षमता बहुखोली आऊटडोअरपेक्षा पुष्कळ खाली उतरते, त्यामुळे निभावून जाईल. वरच्या मजल्यासाठी जे मॉडेल घ्याल त्याची ५ अंशांची कमाल क्षमता नीपच्या यादीत पाहा. साध्या मॉडेलांची क्षमता त्या थंडीत बरीच घसरते, थंड हवामानासाठी बनवलेल्यांची तितकी नाही. आणि छपराखालच्या पोकळीत इन्सुलेशन आहे का हे यंत्र मागवण्यापूर्वी बघा. तिथे काही नसेल तर पहिले पैसे तिथे घाला.

साखरझोप:

वरच्या युनिटांची आऊटडोअरे भिंतीवरच्या ब्रॅकेटवर टांगू नका, जमिनीवरच ठेवा. लाकडी घराच्या भिंतीतून त्याची थरथर थेट पलंगापर्यंत येते.

तांबटआळी:

आणि जमिनीवर ठेवताना दीड फूट उंचीच्या स्टँडवर ठेवा. बर्फ साचले तरी हवा अडत नाही, आणि वितळलेले पाणी खाली ठिबकायला जागा राहते. ते पाणी पायवाटेवर गोठणार नाही अशी बाजू निवडा.

रानजाई:

तीन युनिटांना तीन दुहेरी ब्रेकर लागतील. १९५०च्या दशकातल्या घरात १०० अँपिअरचे पॅनेल असण्याची शक्यता मोठी आहे. इलेक्ट्रिशियनकडून एकूण भाराचा हिशोब करून घ्या. आम्ही बाकी सगळे स्वतः केले, पण पॅनेलपासून आऊटडोअरजवळच्या डिसकनेक्ट स्विचपर्यंतचे काम परवानाधारकाकडूनच करून घेतले, आणि त्याचा आम्हाला पश्चात्ताप नाही.

उंबरठा:

पॅनेल १०० अँपिअरचेच आहे. इलेक्ट्रिशियन पुढच्या आठवड्यात येतो आहे. टाऊनशिपच्या बांधकाम कार्यालयातही विचारले. विजेचे आणि यंत्राचे अशी दोन्ही परमिटे लागतील, आणि आऊटडोअर कुठे बसणार, ते शेजारच्या हद्दीपासून किती अंतरावर, हे घराच्या सर्व्हे नकाशावर दाखवायला सांगितले आहे. घरमालक स्वतः राहत असेल तर अर्ज त्याला स्वतःच्या नावाने करता येतो.

वाटसरू:

तिन्ही एकदम मागवणार का?

उंबरठा:

नाही. आधी वरच्या एका बेडरूमचे मागवतो. ते एक उन्हाळा चालवून पाहतो, तोवर छपराखालचे इन्सुलेशन करून घेतो. बाकीची दोन ऑक्टोबरच्या आत.

तांबटआळी:

मग आणखी दोन गोष्टी. पेटी ट्रकने येते तेव्हा चालक सही मागतो. आऊटडोअरचे कोपरे दबलेले नाहीत आणि पेटी आडवी होऊन आलेली नाही हे पाहिल्याशिवाय सही करू नका, आणि काही दिसले तर पावतीवरच तसे लिहा. दुसरे, हमी ठरावीक मुदतीत संकेतस्थळावर नोंदवावी लागते, आणि नोंदणीसाठी लागणारा क्रमांक आऊटडोअरच्या बाजूच्या पट्टीवर असतो. ती बाजू भिंतीकडे जाण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर ती पट्टी वाचायला आरसा लागतो.